आधी तिचे ऐकून घ्या

रमजानच्या रात्री मशिदींमध्ये तरावीहच्या नमाजमध्ये संपूर्ण कुरआन क्रमाने ऐकवले जाते. त्याचे तीस भाग, म्हणजे पारे. त्यातला अठ्ठाविसावा पारा 'मुजादिला' या सूरहने, म्हणजे अध्यायाने सुरू होतो. मुजादिला म्हणजे वाद घालणारी, आपली बाजू नेटाने मांडणारी स्त्री. कुरआनच्या एका अध्यायाला एका बाईच्या घरगुती तक्रारीवरून नाव मिळाले आहे, हे मुस्लिमेतर वाचकांना क्वचितच माहीत असते. खरे सांगायचे तर अनेक मुस्लिम घरांतही ते माहीत नसते.

ही बाई म्हणजे मदिनेतल्या हजरत खौला. रागाच्या भरात नवरा त्यांना म्हणाला, 'तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस.' इस्लामपूर्व अरबस्तानात एवढे म्हटले की संबंध तुटत. या रूढीला 'जिहार' म्हणत. खौला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या. रूढी विरोधात होती, तरी त्या मागे हटल्या नाहीत. आपले उतारवय, मुलांचे हाल, सगळे मांडत राहिल्या. अखेर निवाडा त्यांच्या बाजूने झाला. नुसत्या बोलण्याने बायको आई होत नाही आणि संसारही मोडत नाही, असे ठरले. असे बोलणाऱ्या नवऱ्याला प्रायश्चित्तही सांगितले गेले. त्याने गुलाम मुक्त करावा, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवावेत, तेही झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवू घालावे.

या प्रसंगातून मला एक साधी गोष्ट दिसते. कुटुंबाचा नियम बदलायचा असेल तर ज्या बाईच्या अंगावर तो पडतो, तिचे आधी ऐकून घ्यायचे. आज कौटुंबिक कायदे विधिमंडळांत आणि संसदेत होतात. तिथे हे ऐकून घेण्याची जागा म्हणजे सभागृहाची समिती. आणि नेमकी तीच पायरी अलीकडे सर्रास गाळली जाते.

विवाह, घटस्फोट, वारसा हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे केंद्राप्रमाणे राज्यांनाही त्यावर कायदे करता येतात. उत्तराखंडने तसा समान नागरी कायदा केला. सरकारने २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची तज्ज्ञ समिती नेमली. तिच्याकडे दोन लाखांहून अधिक सूचना आल्या. पण लोकांनी मते दिली तेव्हा मसुदा त्यांच्यासमोर नव्हता. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी विधेयक विधानसभेत मांडले गेले आणि दुसऱ्याच दिवशी मंजूर झाले. ते प्रवर समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही.

सरकारने नेमलेली समिती आणि सभागृहाची समिती यांत फरक आहे. पहिली मसुदा लिहिते. दुसरी, विरोधी सदस्यांना सोबत घेऊन, लिहिलेल्या मसुद्याला प्रश्न विचारते. हे कलम कोणाला लागेल? त्याचा गैरवापर कोण करील? हे प्रश्न मुसलमानांपुरते नाहीत. अनुसूचित जमाती वगळता हा कायदा सगळ्यांना लागू आहे. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी महिन्याच्या आत नोंद केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद मूळ कायद्यात आहे. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध जोडीदार निवडणाऱ्या कोणत्याही जातिधर्माच्या मुलीला हे कलम सोडवणारे आहे की अडकवणारे? ते अशा मुलींनाच समितीपुढे बोलावून विचारायला हवे होते.

याच उत्तराखंडातल्या काशीपूरच्या शायरा बानो यांनी एका दमात दिलेल्या तीन तलाकला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २०१७ मध्ये न्यायालयाने अशा तलाकला अवैध ठरवले. माझ्या दृष्टीने त्या आजच्या काळातल्या मुजादिलाच. पुढे २०१९ मध्ये संसदेने तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा केला. त्या वेळीही विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव राज्यसभेने फेटाळला. नवरा तुरुंगात गेल्यावर घरात दूध-रेशन कोण भरणार, हा प्रश्न त्या बायकांनीच समितीत विचारला असता. कदाचित कायदा तरीही तसाच झाला असता, पण उत्तराची तजवीज करून झाला असता.

समिती नेमली की काम फत्ते, असेही नाही. मुलींचे लग्नाचे वय २१ करण्याचे विधेयक २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. त्या समितीत ३१ सदस्य होते आणि त्यांत बाई एकच. पुढे लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही बारगळले. म्हणून समितीला मुदत हवी, आणि समितीत बायका हव्यात.

'शरियतमध्ये समित्यांनी लुडबुड कशाला करायची,' असे आमच्यातले काही जण म्हणतील. त्यांनी १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आठवावा. नवरा परागंदा झाला, पोटाला घालेनासा झाला, तरी तेव्हाच्या हनफी निवाड्यांत बाईला सुटकेचा मार्ग जवळजवळ नव्हता. लग्नातून सुटण्यासाठी काही बायका धर्म सोडू लागल्या, तेव्हा उलेमांना जाग आली. मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या मोठ्या आलिमांनी मालिकी पंथाचा आधार घेऊन वाट दाखवली. मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटगी देत नसेल, क्रूरपणे वागत असेल, तर घटस्फोट मागण्याचा हक्क मुस्लिम बाईला या कायद्याने दिला. आजही कोर्टात तोच कामी येतो. धर्म बुडाला नाही, बायका वाचल्या.

हिंदू कायद्याचा प्रवासही असाच आहे. बी. एन. राव समितीने १९४५ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरपासून लाहोर-मद्रासपर्यंत फिरून साक्षी घेतल्या. समितीत पुण्याचे जे. आर. घारपुरे होते. एका सदस्याने आपले विरोधी मतही नोंदवले. विधेयक रखडले, डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, पण १९५५-५६ मध्ये ते कायदे झाले आणि टिकले. विरोध सभागृहाबाहेर दाबला नव्हता, कागदावर घेतला होता, याचा त्यात वाटा नक्कीच आहे.

महाराष्ट्राला तर हे नवे नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका तलाकपीडितांचे म्हणणे घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेल्या. त्या सात जणींना रस्त्यावर उतरावे लागले, कारण आत बोलवणारे कोणी नव्हते. आपल्या विधिमंडळात दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीची पद्धत आहे. २०२० चे शक्ती विधेयक अशाच समितीकडे गेले होते. मग विवाह, वारसा किंवा कौटुंबिक न्यायालयांबद्दलचे कोणतेही विधेयक त्याशिवाय मंजूर होऊ नये, एवढा आग्रह आपण सगळ्यांनी मिळून धरायला काय हरकत आहे?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही वाचते, म्हणून मोहल्ल्यातल्या बायका कोर्टाची नोटीस माझ्याकडे घेऊन येतात. 'मॅडम, इसमें क्या लिखा है?' पोटगीची पुढली तारीख पंधरा दिवसांवर आलेली असते आणि कागदावर काय आहे हे तिला ठाऊक नसते. मराठी घरातल्या बायकाही येतात, कारण कोर्टाची मराठी त्यांनाही कळत नाही. तेव्हा मसुदा साध्या मराठीत आणि उर्दूतही छापा. मते द्यायला निदान दोन महिने द्या. बैठका मुंबई-नागपुरातच नकोत, जिल्ह्याच्या गावीही घ्या. समितीत निम्म्या बायका असू द्या. चारचौघांत बोलता येत नाही तिचे म्हणणे बंद दाराआड ऐका. अहवाल मतभेदांसह सभागृहात ठेवा, आणि तोही ठरल्या मुदतीत.

आणि हीच मागणी मी आमच्या जमाती आणि दारुल कजांकडेही करते. तिथे तलाकचे, मेहरचे, मुलांच्या ताब्याचे निर्णय होतात, पण निर्णय करणाऱ्यांत बाई क्वचितच दिसते. सरकारकडे मशवरा मागायचा आणि आपल्या घरात तो टाळायचा, हे चालणार नाही. कुरआनमध्ये 'शूरा' नावाचीही सूरह आहे. शूरा म्हणजे सल्लामसलत.

इतिहासकार एक गोष्ट सांगतात. हजरत उमर खलिफा असताना म्हाताऱ्या खौलांनी त्यांना रस्त्यात थांबवले आणि चार खडे बोल सुनावले. सोबतचे लोक कुरकुरले. उमर मात्र थांबून ऐकत राहिले. जिचे म्हणणे खुद्द अल्लाहने ऐकले, तिचे मी कसे ऐकू नये, असा त्यांचा भाव होता. एवढ्या मोठ्या राज्याच्या खलिफाला रस्त्यात थांबायला वेळ होता. आपल्या आमदारांनाही एका विधेयकासाठी दोन महिने नक्कीच काढता येतील.