यात जिलेटिन तर नाही ना?

मागच्या महिन्यात मी घरी केलेल्या संत्र्याच्या जॅमच्या तीन बाटल्या वाटल्या. एक खालाकडे, एक शेजारी आणि एक शाळेत. तीनपैकी दोन ठिकाणी मला एकच प्रश्न ऐकायला मिळाला. खालाने बाटली उजेडात धरली, आडवी करून पाहिली आणि म्हणाली, "बेटा, इसमें जिलेटिन तो नै ना?" दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या गणिताच्या मॅडमनी बाटलीत चमचा घालायच्या आधी थांबून, आवाज खाली आणून विचारलं, "सर, राग मानू नका, पण यात जिलेटिन वगैरे नाही ना?"

खालाला मी हसून 'नाही' म्हटलं. मॅडमनाही 'नाही'च म्हटलं, पण माझा चेहरा उतरला असावा, कारण त्यांनी लगेच "सहज विचारलं हो" अशी सारवासारव केली. घरी येताना स्कूटरवर माझ्या डोक्यात हेच चालू होतं. प्रश्न तोच, शब्दही जवळपास तेच. मग खालाचा प्रश्न मला काळजीचा वाटला आणि मॅडमचा संशयाचा, असं का?

आधी जॅमबद्दल सांगतो. तो घट्ट कसा होतो हे कळलं की अर्धी शंका तिथेच मिटते.

मी अमरावती जिल्ह्यात राहतो. इकडे आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास उतरायला लागतात आणि मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. मोठं, चकचकीत फळ खोक्यात बसून बाहेरगावी जातं. लहान फळाला आमच्याकडे चुरी म्हणतात, तिला भाव नसतो. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तर चांगल्या मालाचेही हाल आहेत. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील दरवर्षी चुरीचं एक पोतं घरी आणून टाकतात आणि पैसे घेत नाहीत. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण पोत्यातल्या चुरीला त्याचा काय उपयोग? चार दिवस सगळे खातात, पाचव्या दिवशी फळं मऊ पडायला लागतात. फेकून देणं जिवावर येतं. इसराफ, म्हणजे उधळमाधळ, आमच्या घरात लहानपणापासून मोठा गुन्हा. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी जॅमच्या नादी लागलो.

पहिला जॅम मी मिक्सरमध्ये केला. संत्री सोलली, पाकळ्या बियांसकट फिरवल्या, साखर घालून आटवलं. रंग सुरेख आला. रात्री चव पाहिली तेव्हा ठीक होता, सकाळी पाहतो तर कडू. मुलीने एक घास खाल्ला आणि चपाती माझ्याकडे सरकवली. नंतर वाचल्यावर कारण कळलं. संत्र्याच्या बियांत आणि पाकळीच्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं. फळ अख्खं असताना ते बेचव असतं. पण बिया-पापुद्रे चिरडून आंबट रसात मिसळले की त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं आणि ते कडू असतं. उष्णतेने हा प्रकार आणखी लवकर होतो. मिक्सरमध्ये काढून ठेवलेला संत्र्याचा रस तासाभराने कडवट लागतो तोही याचमुळे.

आता माझी रीत ठरलेली आहे. दोन किलो संत्री सोलायची, पांढरे धागे काढायचे, प्रत्येक पाकळी उघडून नुसता गर घ्यायचा. कंटाळवाणं काम आहे. मुलगी आणि मी बातम्या ऐकत बसतो, दीड तास जातो. साधारण एक किलो गर निघतो. दोन लिंबांचा रस काढून बाजूला ठेवायचा. त्या लिंबांच्या बिया, पिळलेल्या फोडी आणि संत्र्याच्या थोड्याशा अख्ख्या बिया मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करायची. बिया फुटता कामा नयेत. गर, कपभर पाणी आणि ही पुरचुंडी स्टीलच्या जाड बुडाच्या पसरट पातेल्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबट लागतं त्याला. मग पुरचुंडी दोन चमच्यांमध्ये दाबून पिळायची. तिच्यातून बुळबुळीत, चिकट रस निघतो. जॅमचा सगळा जीव त्या रसात आहे. त्याचं नाव पेक्टिन.

पेक्टिन फळातच असतं. लिंबू-संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांभोवती ते भरपूर असतं, पेरूत आणि सफरचंदातही चांगलं असतं. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली ते वेगळं ओळखून त्याला नाव दिलं. आंबटपणा आणि भरपूर साखर सोबत असली की पेक्टिनचे धागे एकमेकांत गुंततात आणि रस त्यात अडकून राहतो. जॅम घट्ट होतो तो असा. कारखान्यात वापरायचं पेक्टिनही मुख्यतः लिंबू-संत्र्याच्या साली आणि सफरचंदाच्या चोथ्यातूनच काढतात. जिलेटिन ही निराळी वस्तू आहे. ती जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून मिळते. काही जेलीच्या गोळ्यांत, मार्शमेलोत, औषधांच्या कॅप्सूलमध्ये ती असते. जॅमला तिची गरजच नाही.

पुरचुंडी काढली की साडेसातशे ग्रॅम साखर आणि लिंबाचा रस घालायचा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद, नंतर मोठी. आता हलणं नाही, ढवळत राहायचं. थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत. नसेल तर स्टीलची ताटली आधीच फ्रीजरमध्ये ठेवायची, तिच्यावर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने सरकवायचा. वर सुरकुती पडली की गॅस बंद. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत गरमच भरायचा. एवढ्यात साधारण तेराशे ग्रॅम जॅम होतो. आपण त्यात टिकाऊपणासाठी काही घालत नाही, म्हणून बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. आणि एक खरं सांगून टाकतो, घरचा असला तरी त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. अम्मीला मधुमेह आहे, तिच्या ताटात मी तो वाढत नाही.

आता परत त्या प्रश्नाकडे.

खालाला शंका आली ती मोबाईलवरच्या एका यादीमुळे. 'हे नंबर दिसले की वस्तू हराम' अशी ती यादी होती आणि तिच्यात ४४० होता. मॅडमकडेही एक यादी आली होती, 'शाकाहारी लोकांनो, सावध व्हा' या मथळ्याची. दोन समाजांच्या दोन गटांत फिरणाऱ्या दोन याद्या, आणि दोन्हींत भीती एकच, की आपल्या नकळत कुणीतरी आपल्याला काहीतरी खाऊ घालतंय. ४४० हा पेक्टिनचाच क्रमांक आहे, जिलेटिनचा क्रमांक ४२८. आपल्याकडच्या नियमानुसार जिलेटिन असेल तर वेष्टनावर ते प्राण्यांपासून घेतलेलं आहे असं लिहावं लागतं आणि हिरवा ठिपका देता येत नाही. जॅम म्हणून विकायचं तर त्यात साधारणपणे किमान ४५ टक्के फळ लागतं, हेही नियमातच आहे. हे सगळं बाटलीच्या पाठीवर वाचता येतं. वाचायला दोन मिनिटं लागतात, यादी पुढे ढकलायला दोन सेकंद. म्हणून यादी जिंकते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक गंमत सांगतो. मराठी घरातला मुरंबा मूळचा अरबी 'मुरब्बा'. ज्या धातूपासून तो आला त्याच धातूपासून 'तरबियत' आला. तरबियत म्हणजे वाढवणं, घडवणं, संस्कार करणं. मराठी माणसाला त्यात 'मुरणं' ऐकू येतं आणि तेही शोभतं. आपल्या आज्यांनी मुरंब्याच्या बरण्या इकडून तिकडे दिल्या तेव्हा आत काय आहे हे कुणी विचारत नव्हतं, कारण तो कसा करतात हे घेणारीलाही ठाऊक होतं. जॅम आपल्याकडे आला तो बाटलीत बंद होऊन. तो कसा होतो हे आपण पाहिलंच नाही. जे पाहिलं नाही त्याबद्दल कुणी काहीही सांगितलं तर खरं वाटतं.

पण मॅडमच्या प्रश्नाने मला लागलं ते जिलेटिनमुळे नाही. त्याला एक जुनी गोष्ट कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेत असताना ईदनंतर मी शिरखुर्मा नेला होता. सगळ्यांनी "वा सर, ईद मुबारक" म्हणत वाट्या घेतल्या. संध्याकाळी चाव्या ठेवायला स्टाफरूममध्ये गेलो तर खिडकीत चार वाट्या तशाच भरलेल्या होत्या. वर साय धरली होती, एकीत माशी पडली होती. मी त्या नळाखाली धुतल्या, डब्यात भरल्या आणि घरी गेलो. अम्मीने विचारलं, "पसंद आया सबको?" मी म्हटलं, हो. त्यानंतर शाळेत मी काही नेलं नाही. जॅमची ही बाटली एवढ्या वर्षांनंतरची पहिलीच.

त्या दिवशी मला कुणीही काहीही विचारलं नव्हतं. सगळे गोड बोलले होते.

हे आठवलं आणि माझं मलाच उत्तर मिळालं. ज्याला खायचं असतं तो विचारतो. ज्याला खायचंच नसतं तो हसून वाटी घेतो आणि खिडकीत ठेवतो. मॅडमनी विचारलं, कारण चमचा त्यांच्या हातात होता. मी 'नाही' म्हटल्यावर त्यांनी खाल्लाही. खालाचंही तेच. मी मात्र एकीचं 'बेटा' ऐकलं आणि दुसरीचं 'राग मानू नका'. त्या जुन्या चार वाट्यांचा हिशोब मी, ज्यांचा त्यात काही हात नव्हता, अशा बाईंकडून वसूल करायला निघालो होतो.

हे लिहिताना आपल्या लोकांनाही एक सांगायला हवं. शेजारून आलेला दिवाळीचा डबा माझ्याच घरी एका पाहुण्याने न उघडता बाजूला सारलेला मी पाहिला आहे. "क्या मालूम किसमें तला है." विचारायला शेजारचं दार दहा पावलांवर होतं. मीही तेव्हा उठलो नाही. सोवळं असो, हलाल असो, उपवास असो, की डॉक्टरांचं पथ्य, ज्याचे त्याचे नियम ज्याला त्याला प्रिय असतात आणि ते पाळण्यात कुणाचा अपमान नाही. न विचारता मनाशी ठरवून टाकणं हा अपमान आहे. "यात काय आहे?" हा प्रश्न उलटतपासणीसारखाही विचारता येतो हे मला माहीत आहे, ती मीही सोसली आहे. तरी मी म्हणेन, तोंडावर विचारलेला वाकडा प्रश्नही पाठीमागे टाकून दिलेल्या वाटीपेक्षा बरा. त्याला निदान उत्तर तरी देता येतं.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी कृती मागितली. मी लिहून दिली. सोमवारी त्या तक्रार घेऊनच आल्या, "सर, माझा पातळ झाला. सरबतच झालं म्हणा ना." पुरचुंडी त्यांनी गाळली होती, कडू होईल या भीतीने. मी म्हटलं, लिंबाच्या बियांची तेवढी घाला, थोड्या पाण्यात वेगळी उकळून तो चिकट रस जॅममध्ये मिसळा आणि पुन्हा आटवा. बुधवारी बाटली आली. थोडा जास्तच घट्ट झाला होता, चमचा उभा राहत होता. मधल्या सुट्टीत चपातीला लावून आम्ही पाच जणांनी खाल्ला.

या वर्षीच्या बाटल्यांवर मी चिठ्ठी चिकटवली आहे, एका बाजूला उर्दूत, एका बाजूला मराठीत: संत्रं, साखर, लिंबू, बाकी काही नाही. खालाने चष्मा लावून ती वाचली आणि तरी विचारलंच. विचारू दे. बाटली रिकामी होऊन परत आली म्हणजे झालं.