पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेतील विवाहिता आणि पंदनल्लूरचे नृत्य

थायलंडमधील नोंथाबुरी येथे 21 नोव्हेंबर 2025 रोजी मेक्सिकोच्या फातिमा बॉश यांना मिस युनिव्हर्सचा मुकुट मिळाला, तेव्हा चर्चा त्यांच्या विजयापेक्षा आधीच्या वादाचीच अधिक होती. यजमान देशातील आयोजक नवात इत्सराग्रिसिल यांनी 4 नोव्हेंबरच्या कार्यक्रमात बॉश यांना सर्वांसमक्ष फटकारले होते. त्यावर बॉश सभागृहाबाहेर पडल्या आणि मावळत्या विजेत्या, डेन्मार्कच्या व्हिक्टोरिया थाइलविग यांच्यासह अनेक स्पर्धक त्यांच्यामागोमाग निघाल्या. भारताच्या मनिका विश्वकर्मा यांनी या स्पर्धेत पहिल्या 30 जणींत स्थान मिळवले.

स्पर्धकाने कसे असावे, कसे वागावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा या वादाचा गाभा होता. तो प्रश्न स्पर्धेइतकाच जुना आहे. भारतापुरते पाहिले तर त्याचा धागा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील, तंजावर जिल्ह्यातील पंदनल्लूर या गावापर्यंत जातो.

मिस युनिव्हर्सने 2023 पासून विवाहित स्त्रिया आणि मातांना प्रवेश खुला केला. 2024 पासून वयाची कमाल मर्यादाही काढून टाकली. हे बदल ऐतिहासिक पाऊल म्हणून मांडले गेले. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. अवघ्या काही वर्षांपूर्वी, 2018 मध्ये, मिस युक्रेन वेरोनिका दिदुसेंको यांचा मुकुट त्या एका मुलाची आई असल्याच्या कारणावरून काढून घेण्यात आला होता आणि मिस वर्ल्डमधील त्यांचा सहभाग हुकला होता. तथापि 1952 सालच्या पहिल्याच मिस युनिव्हर्स स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या इंद्राणी रहमान विवाहित होत्या आणि एका मुलीच्या आईही होत्या, याचा या चर्चेत क्वचितच उल्लेख होतो.

त्या स्पर्धेचा जन्मच मुळी एका स्पर्धकाच्या नकारातून झाला. 1951 च्या मिस अमेरिका योलांड बेटबीझ यांनी पोहण्याच्या पोशाखात मिरवण्यास नकार दिला. असे पोशाख तयार करणाऱ्या कॅटॅलिना कंपनीने रुष्ट होऊन प्रायोजकत्व काढून घेतले आणि स्वतःची स्पर्धा सुरू केली. जून 1952 मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे 30 स्पर्धक उतरल्या आणि फिनलंडच्या आर्मी कुसेला विजेत्या ठरल्या. इंद्राणी त्या वेळी 21 वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म 1930 मध्ये मद्रासला झाला. वडील रामलाल बाजपेयी रसायनशास्त्रज्ञ, तर आई एस्थर शर्मन ही रागिणीदेवी या नावाने भारतीय नृत्य करणारी अमेरिकी नर्तकी. वास्तुरचनाकार हबीब रहमान यांच्याशी इंद्राणी यांचा विवाह पंधराव्या वर्षी झाला होता. त्यांचा विवाह वा मातृत्व या सहभागाच्या आड आले नाही. पाचच वर्षांनी, त्याच लाँग बीचमध्ये, मिस यूएसए लिओना गेज या विवाहित असून दोन मुलांच्या आई असल्याचे उघड होताच त्यांचा किताब काढून घेण्यात आला. 2023 ची मुभा काही अंशी हरवलेलेच परत देणारी होती.

इंद्राणी यांनी मद्रासला भरतनाट्याचे शिक्षण घेतले ते चोक्कलिंगम पिळ्ळै यांच्याकडे. चोक्कलिंगम हे पंदनल्लूरचे विख्यात नट्टुवनार मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांचे जामात. नट्टुवनार म्हणजे झांजांच्या ठेक्यावर बोल म्हणत नर्तकीला शिकवणारा आणि प्रयोगाचे संचालन करणारा गुरू. मीनाक्षीसुंदरम यांचे घराणे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांपर्यंत जाते. ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून ओळखले जाणारे हे बंधू सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांच्या दरबारात होते. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा आज सर्वत्र पाळला जाणारा प्रयोगक्रम त्यांच्याच नावाने सांगितला जातो. याच दरबारात नृत्यासाठी मराठी निरूपणेही रचली गेली, हे महाराष्ट्रात फारसे ठाऊक नाही.

इंद्राणी लाँग बीचला गेल्या त्याच्या पाच वर्षे आधी, 1947 मध्ये, मद्रास प्रांताने देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा केला. मुंबई प्रांतात असा कायदा 1934 मध्येच झाला होता. मद्रासच्या कायद्याने मुलींना देवाला वाहण्याची प्रथा तर थांबवलीच, शिवाय मंदिराच्या आवारात आणि देवतेच्या मिरवणुकीत स्त्रीने नृत्य करणेही बेकायदा ठरवले. त्यामागे शोषणाविरुद्धचा खरा लढा होता. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी तो विधिमंडळात लढवला, तर त्रिभुज प्रदेशातीलच मूवलूरच्या रामामिर्तम अम्मैयार यांनी गावोगावी. दोघींची पाळेमुळे त्याच समाजात होती. म्हणूनच ‘बाहेरच्यांनी लादलेला कायदा’ ही सोपी मांडणी टिकत नाही.

परंतु कायद्याचा भार सारखा वाटला गेला नाही. नट्टुवनार पुरुषांना शहरांत शिष्या मिळाल्या. तिरुविडैमरुदूरहून आलेल्या अशाच एका घराण्याने 1945 मध्ये मुंबईत माटुंग्याला श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर उभे केले आणि मराठी घरांतील कितीतरी मुली भरतनाट्य शिकल्या त्या या परंपरेतून. ज्या स्त्रियांनी हे नृत्य पिढ्यानपिढ्या शरीरात जपले, त्यांच्यापुढे मात्र मंदिर बंद झाले आणि नव्या सभागृहांत त्यांना आमंत्रणे विरळ होत गेली. टी. बालसरस्वती यांच्यासारखा अपवाद सोडला, तर प्रतिष्ठा त्यांच्या वाट्याला आली नाही.

हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. परंपरेतील स्त्रीचे मंदिरातील नृत्य मानहानीचे ठरले. त्याच परंपरेच्या गुरूकडे शिकलेली, उच्चभ्रू वर्तुळातील स्त्री पोहण्याच्या पोशाखाच्या कंपनीने भरवलेल्या स्पर्धेला जाऊन आली आणि तिच्या नावाला डाग लागला नाही. इंद्राणी यांना 1969 मध्ये पद्मश्री मिळाली. 1961 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला नेहरू आणि केनेडी यांच्यासमोर नृत्य सादर केले होते. पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत त्या अध्यापक झाल्या. ओडिसी नृत्य परदेशी रंगमंचावर नेण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. या साऱ्यात त्यांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. स्त्रीने लोकांसमोर येणे शोभते की नाही, याचा निवाडा तिच्या कृतीपेक्षा तिच्या जन्मावरून आणि वर्गावरून होत होता. स्पर्धांचे नियमही बव्हंशी असल्याच निवाड्यांची लेखी आवृत्ती असतात.

2026 ची मिस युनिव्हर्स स्पर्धा या मालिकेतील 75 वी आहे. भारतीय स्पर्धकांच्या परिचयात शास्त्रीय नृत्याच्या शिक्षणाचा उल्लेख वारंवार आढळतो आणि तो देशाच्या संस्कृतीची साक्ष म्हणून वाचला जातो. 1933 च्या प्रारंभी मद्रास म्युझिक अकादमीत राजलक्ष्मी आणि जीवरत्नम या पंदनल्लूरच्या भगिनींचे नृत्य झाले. ते पाहून रुक्मिणीदेवी अरुंडेल या कलेकडे वळल्या, मीनाक्षीसुंदरम यांच्याकडे शिकल्या आणि 1936 मध्ये त्यांनी मद्रासला कलाक्षेत्र स्थापन केले. कलाक्षेत्र आज केंद्र सरकारची राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे. त्या दोन भगिनींचा उल्लेख मात्र नृत्येतिहासाच्या ग्रंथांबाहेर फारसा सापडत नाही.