पॉलिसी आहे, तरी थेरपीचे पैसे खिशातूनच. मग स्वस्तात थेरपी मिळते कुठे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "आता पॉलिसी घेतली तर थेरपीचे पैसे मिळतील का रे?" थोडक्यात उत्तर: बहुतेक पॉलिसींमध्ये नाही. पण का नाही ते बघण्यासारखं आहे, कारण कायदा वाचला तर आधी उलटंच वाटतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं कलम २१ (४) म्हणतं की शारीरिक आजारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे. कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना तसं परिपत्रक काढलं. आता खोच बघा. आपल्याकडची साधी मेडिक्लेम पॉलिसी मुळात ॲडमिट झाल्यावरच पैसे देते. तापासाठी डॉक्टरकडे गेलात तर ती फी तुम्हीच भरता. थेरपीसाठी कोणी ॲडमिट होत नाही. दर आठवड्याला जाऊन तासभर बोलायचं, झालं. म्हणजे तापाची ओपीडी कव्हर नाही आणि थेरपीही नाही, "त्याच आधारावर". आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट केस पास, युजरचं काम मात्र झालेलं नाही. आयुष्मान भारतचंही तेच, ५ लाखांचं कव्हर आहे पण हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. काही महागड्या पॉलिसींमध्ये ओपीडीची सोय असते. ती घेताना "सायकॉलॉजिस्टचं कन्सल्टेशन" हे शब्द पॉलिसीच्या कागदावर आहेत का ते बघा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

आयटीवाल्यांचा प्रॉब्लेम आणखी वेगळा. आपला ग्रुप इन्शुरन्स नोकरीला चिकटलेला असतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने साधारण २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून लेऑफ हा विषय घराघरात पोचला. माझा एक मित्र दुसऱ्याच एका कंपनीत होता, त्याची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत, त्याच दिवशी विमा बंद, आणि कंपनीतर्फे मिळणारी फुकट समुपदेशनाची सेशन्सही बंद. पहाटे तीन-तीनपर्यंत त्याला झोप नाही, घरी ईएमआय, आईबाबांना सांगितलेलं नाही. मदतीची सगळ्यात जास्त गरज ज्या दिवशी लागली, त्याच दिवशी सिस्टीमने त्याचं लॉगिन काढून घेतलं. (ज्यांची नोकरी चालू आहे त्यांनी ही कंपनीची सेशन्स जरूर वापरावीत, फक्त एचआरला काय काय कळतं ते आधी लेखी विचारून घ्यावं.)

त्याच्यासाठी मी पुण्यात फोनाफोनी केली. खासगी सेशन ५० मिनिटांचं, फी १२०० ते २५०० रुपये. १५०० धरले आणि १२ सेशन्स धरली तर १८ हजार. पगार नसलेल्या माणसाला हे सांगायचं कसं?

आता आमच्या क्षेत्रातल्या लोकांचा लाडका प्रश्न: टेक्नॉलॉजीने हे स्वस्त का होत नाही? सॉफ्टवेअर स्वस्त होतं कारण एकदा लिहिलं की लाखभर लोकांनी वापरलं तरी खर्च फारसा वाढत नाही. थेरपीचं तसं नाही. तिथे विकला जातो तो प्रशिक्षित माणसाचा तास, आणि त्याची कॉपी निघत नाही. भारतात दर लाख लोकांमागे एकही सायकियाट्रिस्ट धड नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची अवस्था त्याहून वाईट. व्हिडिओ कॉलने प्रवास वाचतो, ॲपने शोधाशोध वाचते. पण तो तास तेवढाच राहतो, वर प्लॅटफॉर्मचा कट लागतो.

मग लोक वळतात चॅटबॉटकडे. शून्य रुपये, रात्री दोनलाही हजर, मराठीही बऱ्यापैकी. मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. उद्या थेरपिस्टला काय काय सांगायचं याची यादी करायला तो उपयोगी आहे. पण तिथे बोललेलं कुठे जातं? डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्टवर २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार गुप्तता पाळायचं बंधन आहे. तुमच्या फोनमधल्या चॅट ॲपवर ते नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये सांगितलं की थेरपिस्टशी बोलताना जे कायदेशीर संरक्षण मिळतं, ते इथे नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने एआयला थेरपी देण्यावर बंदी घातली. आपल्याकडे तसा कायदा नाही.

आणि समोर खरा माणूस असला म्हणून डेटा सुरक्षित असतोच असंही नाही. बेटरहेल्प ही ऑनलाइन थेरपीची मोठी कंपनी. ग्राहकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना जाहिरातींसाठी दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये अमेरिकी नियामकाने तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. फिनलंडची व्हास्तामोची गोष्ट तर कुठल्याही बॅकएंड इंजिनिअरची झोप उडवेल. थेरपी केंद्रांची साखळी, हजारो पेशंटच्या सेशनच्या नोट्स चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये चोराने थेट पेशंटना ईमेल करून खंडणी मागितली. कंपनी दिवाळखोरीत गेली, आरोपीला २०२४ मध्ये शिक्षा झाली. नोट्स मात्र इंटरनेटवर पसरल्या त्या पसरल्याच. पासवर्ड बदलता येतो. लहानपणी आपल्यासोबत काय झालं होतं, ते बदलता येत नाही.

आपल्या डीपीडीपी कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. शिवाय या कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी "संवेदनशील" असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. तुमचं डिप्रेशन आणि तुमचा पिनकोड, कायद्याच्या लेखी दोन्ही "वैयक्तिक डेटा". मला हे पटत नाही. २०११ च्या जुन्या आयटी नियमांत मानसिक आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून नोंदवलेली होती, म्हणजे आपण एक पाऊल मागे आलो.

मग जायचं कुठे?

पहिला फोन टेली-मानसचा: १४४१६. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, २४ तास, फुकट, मराठीत. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर वरच्या पातळीवरच्या तज्ज्ञाकडे देतात आणि जवळच्या सरकारी सेवेशी जोडून देतात. अपेक्षा नीट ठेवा: ही हेल्पलाइन आहे. दर बुधवारी तोच माणूस तुमची मागची गोष्ट लक्षात ठेवून बोलेल, अशी तिची रचना नाही. पण आत्ता या क्षणी जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर बाकी काहीही वाचत बसू नका, आधी हाच नंबर लावा आणि घरातल्या कोणाला तरी जवळ बसवा.

दुसरं, सरकारी ओपीडी. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत ओपीडी चालते. "मनोरुग्णालय" या पाटीला घाबरून लोक आत जात नाहीत; ओपीडीत गेलं म्हणजे कोणी डांबून ठेवत नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहेत, तिथे किरकोळ फी लागू शकते. अडचण वेगळीच आहे. गर्दीत डॉक्टरांना पाच-दहा मिनिटं मिळतात आणि हातात गोळ्यांची चिठ्ठी पडते. म्हणून तोंडाने मागावं लागतं: "मला औषधांबरोबर थेरपीही हवी आहे, सायकॉलॉजिस्टची वेळ मिळेल का?" शिकवणाऱ्या हॉस्पिटलांत ट्रेनी सायकॉलॉजिस्ट सीनियरच्या देखरेखीखाली सेशन घेतात. ट्रेनी म्हणून नाक मुरडू नका, त्यांच्याकडे वेळ असतो. माझ्या मित्राला अशीच एक ट्रेनी मिळाली. तीन आठवडे थांबावं लागलं, पण मिळाली.

तिसरं, संस्था. ठाण्याची आयपीएच, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली, मराठी वाचकांना सांगायला नकोच. टीआयएसएसची आयकॉल २०१२ पासून फोन आणि ईमेलवर मोफत समुपदेशन देते. खासगी थेरपिस्टलाही सरळ विचारा, "स्लायडिंग स्केल आहे का?" म्हणजे ऐपतीप्रमाणे फी. बरेच जण काही जागा तशा ठेवतात, पण न विचारता सांगत नाहीत.

स्वस्तातलं शोधताना एक तपासणी मात्र सोडू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे असते आणि त्यांच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येते. "लाइफ कोच", "माइंडसेट एक्स्पर्ट" यांची अशी कुठलीच यादी नाही, आणि रील्सवर ३०० रुपयांत सेशन विकणारे बहुतेक यातलेच.

माणसाचा तास स्वस्त करायचा एक मार्ग खरंच सिद्ध झालाय, आणि तोही शेजारच्या गोव्यात. संगत या संस्थेने सायकॉलॉजीची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र डिप्रेशनच्या पेशंटना सहा ते आठ सेशन्स दिली. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आले: तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये ३९ टक्के. नंतर याच संस्थेने मध्य प्रदेशात आशा सेविकांना हेच कौशल्य मोबाइलवरून शिकवण्याचा प्रयोग केला. फोनमधलं सॉफ्टवेअर पेशंटशी बोलत नाही, पेशंटशी बोलणाऱ्या ताईंना शिकवतं. थेरपीच्या स्टार्टअपची आयडिया घेऊन फिरणारे दोन-तीन जण माझ्या ओळखीत आहेत. सगळ्यांच्या स्लाइडवर चॅटबॉट आहे, आशाताई एकाच्याही नाहीत.