शिळं म्हणजे काय रे भाऊ?

रविवारी हौसेनं केलेले मफिन डब्यात भरून फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवणाऱ्या तमाम मंडळींशी माझं भांडण आहे. आणि तेच मफिन फ्रीजरमध्ये टाका म्हटलं की "शी, महिनाभर जुनं खायचं?" म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी तर त्याहून मोठं भांडण आहे. बहुतेक वेळा ही दोन्ही माणसं एकच असतात, त्यामुळे भांडण एकदाच करून टाकतो.

पाव, केक, मफिन कडक होतात ते वाळल्यामुळे, असा आपला ठाम समज असतो. तो चूक आहे. बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८५२ सालीच दाखवून दिलं होतं की हवाबंद ठेवलेला, पाणी अजिबात न गमावलेला पावसुद्धा शिळा होतो, आणि नीट गरम केला की परत मऊ होतो. सगळी भानगड स्टार्चची आहे. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. गार झाला की त्याचे रेणू हळूहळू पुन्हा शिस्तीत रांगा लावायला लागतात आणि मफिन घट्ट होत जातो. आता या रांगा सगळ्यात भराभर कुठे लागतात? शून्याच्या जरा वर. म्हणजे नेमक्या तुमच्या त्या मधल्या फळीवर! उणे १८ अंशांना हाच उद्योग जवळजवळ ठप्प होतो. (साखर आणि तूप-लोणी भरपूर असल्यामुळे मफिनमध्ये हे पावापेक्षा सावकाश होतं, पण होतं.) बुरशीच्या भीतीपोटी आपण मफिन फ्रीजमध्ये ढकलतो, मुंबईच्या पावसाळ्यात ती भीती खरीही आहे, पण मग शेजारचंच दार उघडा ना.

नाही उघडणार. कारण फ्रीजरमधलं ते 'शिळं'.

हा शब्द आपण फार सोयीनं वापरतो. जानेवारीत मटार स्वस्त झाले की सगळं घर मांडी घालून सोलायला बसतं आणि ते मटार मेपर्यंत फ्रीजरमध्ये असतात. खवलेला नारळ तिथेच, आमरसाचे डबे तिथेच. त्यांना कोणी शिळं म्हणत नाही. फोडणीची पोळी तर मुळात शिळी असल्याशिवाय होतच नाही! दुकानातल्या पाकिटातला केक काही महिने टिकतो. मागची बारीक अक्षरं वाचलीत तर २००, २०२ असले आकडे दिसतील. म्हणजे सॉर्बिक आम्ल आणि त्याचं पोटॅशियमचं मीठ. विष नाहीये ते, उगाच घाबरवत नाही. पण तो केक ताजा, आणि मी स्वतः केळी कुस्करून केलेला, भाजल्यापासून चार तासांत गोठवलेला मफिन शिळा, हे कुठलं लॉजिक?

माझा खरा राग मफिनवरून नाहीच आहे. आमच्या टीममधला एक जण छाती काढून सांगतो, "आमच्याकडे बाबा सगळं रोजच्या रोज, ताजं. फ्रीजरमधलं कोणी खात नाही." त्याची बायकोही आयटीतच आहे. तिलाही कॅब साडेसातलाच येते. म्हणजे हे 'ताजं' साडेपाचला उठून कोण करतं, ते सांगायला नको. साहेबांना ताज्याची इतकी ओढ असेल तर अलार्म त्यांनी लावावा की! ते होत नाही. 'ताजं' ही आपल्याकडे अन्नाची प्रत राहिलेली नाही, घरातल्या एका माणसानं रोज ओट्याशी उभं राहण्याची अट झाली आहे. ऑफिसात एकदा केलेलं काम पुन्हा करायला लागू नये म्हणून आपण जिवाचं रान करतो, स्क्रिप्टं लिहितो, कॅश लावतो. घरी आलं की तीच पुनरावृत्ती प्रेमाची खूण ठरते. रविवारी दोन ट्रे भाजून ठेवले तर दोन आठवडे मधल्या वेळचं खाणं सुटतं, आणि ते गरम करायला पाककला लागत नाही. साहेबांनाही जमेल.

कसं, तेही सांगतो. मफिन जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर पिशवीत वाफ कोंडते आणि तिचा बर्फ होतो. पण ठेवायचे त्याच दिवशी. तीन दिवस खाऊन कंटाळा आला म्हणून उरलेले गोठवले तर तीन दिवसांचे शिळेच बाहेर येणार. फ्रीजर काही सुधारणागृह नाही. प्रत्येक मफिन क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, मग झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून. हवा राहिली तर बर्फाची थेट वाफ होते आणि मफिन वरून पांढुरका, कोरडा पडतो. पिशवीवर तारीख घाला. दोन महिने चव चांगली राहते. सिंगल डोअर फ्रीजचा वरचा कप्पा उणे १८ पर्यंत जाईलच असं नाही, तिथले दोन-तीन आठवड्यांत संपवा.

गरम करताना घाई असेल तर फिल्म काढून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट, आणि लगेच खायचा. मेल बघत बसलात तर चामट होतो. पाच-सहा असतील तर ओटीजीत १७५ अंशांवर दहा-बारा मिनिटं. एकट्या मफिनसाठी दीड किलोवॅटची भट्टी पेटवू नये. मला आवडतो तो तवा. रात्री मफिन गुंडाळलेलाच ओट्यावर काढून ठेवायचा, म्हणजे सुटणारं पाणी फिल्मवर जमतं, मफिनवर नाही. सकाळी आडवा कापून, तव्यावर जरासं लोणी सोडून, कापलेली बाजू खाली. कडेनं कुरकुरीत होतो, जो परवाच्या रविवारी ट्रेमधून काढला तेव्हाही नव्हता.

केळ्याचे, गाजराचे, साधे व्हॅनिलाचे सगळे चालतात. क्रीम भरलेले किंवा वर आयसिंग लावलेले मात्र या फंदात घालू नका, बर्फ सुटताना आयसिंग ओघळतं. ते त्याच दिवशी बिल्डिंगमध्ये वाटून टाका.