काढून टाकलेला थर्मोस्टॅट

मे महिना लागला, शाळांना सुट्ट्या पडल्या, की आपल्या गॅरेजांसमोर बॉनेट उघड्या गाड्यांची रांग लागते. कुणाची गाडी खंबाटकी चढताना उकळलेली, कुणी आंबा घाटातून टोचन करून आणलेली. पाच माणसं, टपावर सामान, एसी चालू आणि दुसऱ्या गिअरवर चढ. वर्षभर झाकलेलं दुखणं त्या एका दिवसात उघडं पडतं.

अशी गाडी दारात आली की आपल्या धंद्यात हात आपोआप दोन कामांकडे वळतात. थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा. "आपल्याकडे थंडी कुठंय, थर्मोस्टॅट लागतोच कशाला?" हे वाक्य मी शिकाऊ असताना वस्तादांकडून ऐकलं आणि बरीच वर्षं खरं मानलं. ते चुकीचं आहे आणि त्यानं गिऱ्हाइकाचं नुकसान होतं. म्हणून हा अंक त्यावरच काढला आहे.

थर्मोस्टॅटच्या अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाला झडप उघडायला लागते. तो काढला की रिकाम्या हायवेवर इंजिन त्या तापमानाला पोचतच नाही. ईसीयूला वाटतं, इंजिन अजून गार आहे. तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड दिसला तर आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा.

पुष्कळ इंजिनांत गोष्ट याहूनही वाईट असते. तिथल्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला दुसरी तबकडी असते. वरची झडप उघडली की ही तबकडी बायपासचं तोंड बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायमचा उघडा. तापलेलं पाणी रेडिएटर न बघताच इंजिनात परत येतं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून जे काढलं, त्यानंच ती घाटात लवकर तापते. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर पातेल्यात पाणी तापवा, थर्मामीटर सोडा आणि तो टांगून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

मागच्या उन्हाळ्यात फलटणकडची एक गाडी आमच्याकडे आली. दोन ठिकाणी फिरून आलेली. थर्मोस्टॅट नाही, फॅन डायरेक्ट, वॉटर पंप नवा, कूलंट नवं. हेड उतरवायचं असं मालकाला सांगितलेलं होतं आणि तो पैशांची जुळवाजुळव करत होता. फॅन चालू करून मी पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरला. तो चिकटायला हवा होता. घसरून खाली पडला. कंडेन्सरचे बोल्ट काढून तो पुढे ओढला, तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे उसाच्या पाचटाचा भुगा, धूळ आणि किडे यांचा घोंगडीसारखा जाड थर बसलेला. समोरून बघणाऱ्याला कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. आम्ही इंजिनाच्या बाजूनं हलक्या पाण्यानं तो थर धुऊन काढला, नवा थर्मोस्टॅट घातला, फॅन पुन्हा रिलेवर घेतला. चढावर स्कॅनरचा आकडा ९५ च्या वर गेला नाही. हेडला कुणी हातही लावला नाही.

गाडी कधी गरम होते, हा प्रश्न पाना उचलण्याआधी विचारा. सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर उतरते, तर फॅन, रिले, सेन्सर यांच्याकडे जा. वेगात किंवा चढावर तापते, तर पाणी फिरत नाही किंवा हवा आरपार जात नाही. बोअरच्या पाण्यानं आतून चोक झालेले रेडिएटर आपल्या भागात काही कमी नाहीत. आणि गार गाडी चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर मात्र गॅसकेटकडे बघायला हवं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बिडाच्या ब्लॉकवरचं ॲल्युमिनियमचं हेड एकदा फार तापलं की वाकतं ते यामुळे. हेड उतरवलंत तर स्ट्रेट एज आणि फीलर गेज लावल्याशिवाय परत बसवू नका.

रेडिएटरच्या कॅपला आपण झाकण समजतो. ०.९ बारची कॅप दाब धरत असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं; रबर गेलं की शंभरालाच. सकाळी गार गाडीचा वरचा होज चपटा दिसला तर कॅपमधली आत ओढणारी झडप अडकली आहे. आणि काट्यावर विसंबू नका. पाणी निघून गेलं आणि सेन्सर कोरडा पडला की इंजिन भाजत असताना काटा खाली येतो.

हे सगळं आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. तरी पार्ट बदलले जातात, कारण गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, तपासण्याचे देत नाही. "काहीच बदललं नाही, मग कशाचे पैसे?" हे प्रत्येकानं ऐकलंय. त्या फलटणच्या गाडीच्या बिलावर मी तपासणीची रक्कम वेगळ्या ओळीत लिहिली आणि खाली कागदाची खूण, धुण्याआधीचं आणि नंतरचं तापमान लिहिलं. काढलेला गाळ पिशवीत भरून मालकाच्या हातात दिला. त्यानं पिशवी उघडून बघितली आणि एक शब्द न बोलता पैसे दिले.