चिप हातात आली तेव्हा

मी बिलोलीचा. होस्टेलवर रात्र-रात्र मोबाईलवर पोकर खेळायचो. मेसचे पैसे कधी गेले कळलंही नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. मग २१ पूर्ण होताच पणजीला मांडवीतल्या जहाजावरचा कॅसिनो गाठला. तिथे तासाला जेमतेम २५-३० डाव. मोबाईलवर याच्या दुपटीहून जास्त व्हायचे. ५ हजारांच्या चिप्स पुढे सरकवताना हात थबकला. म्हटलं, हे तर बाबांचं क्विंटलभर सोयाबीन! स्क्रीनवर हाच आकडा बोटासरशी जायचा. शिवाय डाव कुणीही जिंको, कॅसिनो आपला वाटा कापतोच. मित्रांनो, पोकरला डोकं लागतं, मान्य. पण घरच्या पैशांवर ते चालवू नका!