गाडी फोर बाय फोर असली तरी किनारा म्हणजे रस्ता नव्हे

दापोली : सुट्टी लागली की कर्दे, मुरूडच्या वाळूत फोर बाय फोर गाड्या पळू लागतात. चाक रुतलं आणि भरती आली की ट्रॅक्टर, दोरखंड घेऊन धावायचं मात्र गावकऱ्यांनी.

खरं नुकसान वाळूखाली होतं. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं तालुक्याच्या किनाऱ्यावर अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. कासवमित्र ती शोधून हॅचरीत सुरक्षित ठेवतात. नजरेतून सुटलेल्या घरट्यावरून चाक गेलं तर वाळू दबते. पिल्लू बाहेर आलंच, तरी टायरच्या चाकोरीत अडकतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे.

सगळेच मालक बेफिकीर नसतात. जाणता चालक आधी गावात विचारतो, गाडी वर लावतो आणि पायी उतरतो. ‘माझी गाडी कुठंही जाते’ ही फुशारकीच घात करते.

पर्यटक गावाला हवेच आहेत, कासवं बघायलाही लोक येतात. म्हणूनच खोलीचं बुकिंग घेतानाच ‘गाडी वाळूत नाही’ एवढं सांगायला हवं. ग्रामपंचायतीने वाटेच्या तोंडाशी आडवा बांबू टाकला, तर निम्मं काम तिथंच होईल.